पाठ बघितली का?

आमच्या घरात दोन सिस्टर आहेत आणि एका विषयावर दोघींचं अजिबात पटत नाही.

एक माझी मावशी. कणकवलीकडची शाळा संपवून मुंबईला आली, पालिकेच्या हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमधून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाली, तिथेच स्टाफ म्हणून लागली आणि इन्चार्ज सिस्टर होऊन रिटायर झाली. दुसरी माझी भाची. बारावी सायन्स, मग एका खाजगी कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंग, आता शेवटचं वर्ष. गणपतीत दोघी एका खोलीत आल्या की मोदक पानात पडायच्या आत विषय निघतो: नर्स घडते ती डिग्रीने की वॉर्डात हात चालवून? मावशी म्हणणार, "डिग्री घेतली म्हणून शीर गावता काय गो?" आणि भाची म्हणणार, "शीर सापडते गं आजी. पण सापडलेल्या शिरेतून काय सोडायचं नाही, ते कोण सांगणार?"

घरातले बाकीचे यात पडत नाहीत. मी पडते. मी बँकेत खातेवह्या सांभाळलेली बाई, माझा नर्सिंगशी संबंध पेशंटच्या नातेवाइकाचा. पण बाबांच्या आजारपणात या दोघींना मी काम करताना जवळून बघितलं आहे, आणि तेव्हापासून मला दोघींच्याही बोलण्यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

मावशीच्या वेळी कोर्स साडेतीन वर्षांचा होता. राहणं हॉस्टेलवर, जेवण मेसचं, आणि वर स्टायपेंड. थोडाच, पण गावी मनीऑर्डर जाईल इतका. पहिले काही महिने नुसते पलंग. खालची चादर, त्यावर मॅकिंटॉश म्हणजे रबरी कापड, त्यावर ड्रॉशीट म्हणजे आडवी छोटी चादर, आणि हे सगळं पेशंटला खाली न उतरवता, त्याला एका कुशीवर घेऊन अर्धं, मग दुसऱ्या कुशीवर घेऊन अर्धं. त्यांच्या ट्यूटर सिस्टर पलंगाकडे बघायच्याच नाहीत म्हणे. थेट पेशंटच्या कमरेखाली तळवा सरकवायच्या. चादरीला सुरकुती लागली की पलंग मोडून पुन्हा. मग बेडपॅन, स्पंजिंग, टीपीआर म्हणजे ताप-नाडी-श्वास मोजणं, राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातल्या नळीतून, पेज. सकाळी ड्यूटी, दुपारी क्लास, संध्याकाळी पुन्हा ड्यूटी. सुईला हात लागायला बराच अवकाश, आणि ती पहिली सुई मोसंबीला. सकाळच्या हँडओव्हरला औषधं, सलाईन, लघवीचं माप सगळं सांगून झालं की ट्यूटर एकच प्रश्न विचारायच्या: "पाठ बघितली का?"

दुसऱ्या वर्षाला नाइट. चाळीस-पन्नास पेशंट, शिवाय खाली गाद्यांवरचे, आणि स्टाफ म्हणून शेजारच्या वॉर्डातली एक जण अधूनमधून डोकावणारी. मावशी हे अभिमानाने सांगते. भाची ऐकून डोळे मोठे करते. "म्हणजे तुम्हाला फुकट राबवलं. शिकवायच्या नावाखाली हॉस्पिटल चालवून घेतलं तुमच्याकडून." मावशीला हे आवडत नाही, पण ते खोटं नाही. त्या काळी स्टुडंट एक दिवस संपावर गेल्या असत्या तर मुंबईतली मोठी हॉस्पिटलं दुपारपर्यंत बंद पडली असती.

ही पद्धत मुंबईने शोधलेली नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात शाळा काढली ती याच धर्तीवर. राहणं-जेवण-गणवेश हॉस्पिटलचा, वर वर्षाला १० पौंड, आणि शिकायचं ते वॉर्डात. तीच घडी इकडे आली. भायखळ्याचं जे. जे. १८४५ पासून चालू होतं, बायकामुलांसाठी कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये उघडलं, आणि १८९१ साली प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय नर्स म्हणून बाई काशीबाई गणपत यांचं नाव नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत येतं. एवढीच एक ओळ, परीक्षेत एका मार्काला विचारण्यापुरती. त्या बाई कुठल्या गावच्या, घरच्यांनी त्यांना पाठवलं कसं, परक्या माणसाच्या अंगाला हात लावायच्या कामाबद्दल शेजारपाजारचे काय बोलले, हे वाचायला मला फार आवडलं असतं.

डिग्रीसुद्धा काल आलेली नाही. दिल्ली आणि वेल्लोरला बी.एस्सी. नर्सिंग १९४६ साली सुरू झालं. मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज १९६४ चं. मावशी 'हल्लीचं डिग्रीचं फॅड' म्हणते तेव्हा मी तिला आठवण करून देते की हे फॅड आलं तेव्हा ती झबलं घालून अंगणात रांगत होती.

आणि वाद तर त्याहून जुना. १८८७ साली इंग्लंडात बेडफर्ड फेनविक नावाच्या बाईंनी नर्सेसची संघटना काढली आणि मागणी केली की ठरावीक शिक्षण, परीक्षा आणि सरकारी रजिस्टर हवं. ज्याचं नाव रजिस्टरात नाही त्याने स्वतःला नर्स म्हणवू नये. याला कडाडून विरोध करणाऱ्यांत स्वतः नाइटिंगेल होत्या. चांगली नर्स परीक्षा घेऊन ओळखता येत नाही, कागदावर नाव चढलं की वाईट नर्सही चांगल्यांच्या रांगेत जाऊन बसेल, असं त्यांचं म्हणणं. तीसेक वर्षं हा झगडा चालला. नाइटिंगेल १९१० मध्ये गेल्या, कायदा १९१९ मध्ये झाला, आणि रजिस्टरात पहिला नंबर लागला फेनविकबाईंचा. आमच्या बैठकीच्या खोलीत मावशी नाइटिंगेलच्या बाजूला आहे आणि भाची फेनविकच्या, हे दोघींना माहीत नाही. दोघींनी दिवा हातात धरून शपथ मात्र नाइटिंगेलच्या नावाची घेतली, आणि ती शपथ नाइटिंगेलनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला लिहिली गेली. असो.

बाबांची उजवी बाजू गेली तेव्हा पहिले काही दिवस त्यांना उपनगरातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये ठेवलं होतं. तिथे रात्रपाळीला एक मुलगी असायची, वीस-बावीस वर्षांची. पांढरा ड्रेस, सगळे तिला सिस्टर म्हणायचे. कोर्स कुठला केला विचारलं तर सहा महिन्यांचा काहीतरी, कुठल्याशा क्लासचं नाव तिने सांगितलं. पण हात काय होता त्या मुलीचा! बाबांच्या शिरा वयाने आणि शुगरने पार आत गेलेल्या. दोन डॉक्टरांनी टोचून टोचून मनगटापासून कोपरापर्यंत निळं केलं होतं. ही आली, पट्टा बांधला, बोटाच्या टोकाने दोनदा चाचपलं, थोडं थांबली आणि व्हेनफ्लॉन, म्हणजे सलाईनची शिरेतली नळी, एका दमात आत. बाबांनी तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. मावशी तिथे असती तर तिने त्या मुलीला घरी जेवायला बोलावलं असतं.

त्याच मुलीने रात्री इन्सुलिन भरायला घेतलं. भाची बाजूच्या स्टुलावर मोबाइल बघत बसली होती. तिची नजर सिरिंजच्या टोपणावर गेली. लाल टोपण.

आपल्याकडे जुन्या प्रकारच्या इन्सुलिनची बाटली येते ती एका मिलीला ४० युनिटची. तिची सिरिंज लाल टोपणाची, आणि खुणा त्या हिशेबाने पाडलेल्या. दिवसातून एकदा घ्यायची काही नवी इन्सुलिनं येतात ती एका मिलीला १०० युनिटची, त्यांची सिरिंज नारिंगी टोपणाची. दिसायला दोन्ही सिरिंजा सख्ख्या बहिणी. बाबांची बाटली १०० ची होती आणि त्या मुलीच्या हातातली सिरिंज ४० ची. लाल सिरिंज १२ च्या खुणेपर्यंत भरली की आत ०.३ मिली जातं. १०० च्या औषधात ०.३ मिली म्हणजे ३० युनिट. लिहून दिलेल्या डोसच्या अडीचपट. धड न जेवलेल्या, जीभ जड झालेल्या माणसाला, झोपायच्या वेळी. साखर उतरून घाम फुटला असता तरी त्यांना ते सांगता आलं नसतं.

"ताई, ही चाळीसची आहे ना?" भाची एवढंच म्हणाली. ती मुलगी गोंधळली. "मेडिकलवाल्याने हीच दिली." तिने वाद घातला नाही, उलट भाचीकडून बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून घेतलं आणि वॉर्डबॉयला खाली पिटाळलं. तिला हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. तिला शीर शोधायला शिकवणारा कुणीतरी होता, कारण शीर सापडली नाही की नातेवाईक आरडाओरडा करतात. बाटलीवरचं वाचायला शिकवणारं कुणी नव्हतं. राग मला तिचा आला नाही. तिला तो ड्रेस घालून रात्रीच्या पंधरा पेशंटांवर उभी करणाऱ्याचा आला, आणि अजून आहे. खरी शिकलेली नर्स ठेवली तर पगार द्यावा लागतो, एवढंच त्यामागचं गणित.

ही गोष्ट भाची गणपतीत आवर्जून सांगते. मावशी ऐकते आणि म्हणते, "हां, पण ती पाठीची पण सांग की."

तर पाठीची. बाबांना घरी आणल्यावर मावशी आमच्याकडे राहायला आली. भाचीने आधीच एक तक्ता करून कपाटाला चिकटवला होता. ब्रेडन स्केल नावाचं मोजमाप असतं: पेशंटला स्पर्श कळतो का, अंग ओलं राहतं का, पलंगावरून उठतो का, हालचाल किती, खाणं किती, सरकवताना घासतं का, अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे आणि बेडसोर, म्हणजे पडून पडून कातडीला होणारी जखम, व्हायचा धोका किती ते काढायचं. गुण जितके कमी तितका धोका जास्त. बाबांचे गुण १३, मध्यम धोका. तक्ता सुरेख होता, रंगीत पेनांनी रेघा मारलेल्या. मावशीने चष्मा लावून वाचला, काही बोलली नाही, हात धुतले आणि बाबांच्या माकडहाडाखाली तळवा घातला. तसाच थोडा वेळ ठेवला. मग म्हणाली, "गरम लागतंय." कुशीवर वळवलं तर तिथे रुपयाएवढा लालसर डाग. बोटाने दाबून सोडला तर पांढरा होईना. आम्ही घरातले चौघे दोन दिवस त्या पाठीला पावडर लावत होतो, कुणालाच दिसलं नव्हतं.

पुढची पाच मिनिटं मी बघत राहिले. मावशीने बाबांना वळवलं ते ओढून नाही; गुडघा वर घेतला, खांद्यामागे आणि कमरेमागे हात दिला आणि आख्खा माणूस एका लयीत कुशीवर आला. पाठीमागे उशी, गुडघ्यांमध्ये उशी, पोटऱ्यांखाली घडी केलेली चादर, अशी की टाचा अधांतरी राहाव्यात. टाचा सगळे विसरतात म्हणे. मग तिने स्पिरिटची बाटली मागितली. आणि इथे भाचीने तिचा हात धरला.

"आजी, लाल झालेल्या जागी चोळायचं नाही."

"चाळीस वर्षं चोळत आलेय मी."

"माहितेय. पण आतलं नाजूक झालेलं असतं, चोळल्याने आणखी फाटतं. आता चोळत नाहीत. भार काढायचा फक्त."

मावशी गाल फुगवून बसली. पण बाटली परत कपाटात गेली, आणि त्यानंतर घरात दर दोन तासांनी गजर वाजायला लागला. रात्रीचा दोनचा माझा. डाग हळूहळू निवळला. तळवा नसता तर तो कळलाच नसता, आणि पुस्तक नसतं तर कळल्यावर आम्ही त्यावर स्पिरिट चोळलं असतं.

पाठीचा विषय निघाला की मुंबईत के. ई. एम. आठवतंच. कर्नाटकातल्या हळदीपूरहून येऊन तिथे नर्स झालेल्या अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला त्याच हॉस्पिटलात हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या, तोवर परळच्या त्या वॉर्डातच त्यांचं सगळं झालं. त्यांना मरण द्यावं की नाही याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ७ मार्च २०११ चा; कायद्यासाठी तो दयामरणाचा निकाल. पण नर्सेसनी त्यातली वेगळीच गोष्ट लक्षात ठेवली आहे. इतकी वर्षं अंथरुणाला खिळून त्यांना एकही बेडसोर झाला नाही, याची न्यायालयाने नोंद घेतली. मावशी के. ई. एम. ची नव्हे, तरी हे सांगताना तिचा आवाज बदलतो. बेचाळीस वर्षं म्हणजे नर्सेसच्या किती पिढ्या, किती पाळ्या, किती हँडओव्हर. एका पाळीने 'आज राहू दे' म्हटलं असतं तर पुरलं असतं.

डिग्रीच्या बाजूने जे संशोधन सांगतात ते मी भाचीकडून घेऊन वाचलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, २०१४ साली लॅन्सेटमध्ये आलेलं. युरोपातले ९ देश, ३०० हॉस्पिटलं, शस्त्रक्रिया झालेले ४,२२,७३० पेशंट. निष्कर्ष असा की हॉस्पिटलात पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तर पेशंट ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी दिसते. भाचीने याच ओळीखाली रेघ मारली होती. पण त्याच निबंधात दुसरा निष्कर्ष आहे: एका नर्सवर एक पेशंट वाढला की तीच शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. ही ओळ कॉलेजं काढणारे सांगत नाहीत, कारण त्यासाठी नर्सेसची भरती करावी लागते. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात शिकवणाऱ्या हॉस्पिटलच्या साध्या वॉर्डात ३ पेशंटमागे १ नर्स हवी. मावशीला हा आकडा सांगितला तेव्हा ती खो-खो हसली. एवढं हसताना मी तिला फार वेळा बघितलेलं नाही.

त्या संशोधनात आणखी एक मेख आहे. युरोपात नर्सच्या शिक्षणाला निदान ४,६०० तास लागतात आणि त्यातले कमीत कमी निम्मे प्रत्यक्ष पेशंटजवळ काढावे लागतात, असा युरोपीय संघाचा नियम आहे. म्हणजे ज्या पदवीने माणसं वाचतात असं दिसलं, त्या पदवीतच २,३०० तासांचा वॉर्ड आहे. डिग्री की हातचं शिक्षण, हा आमच्या गणपतीतला वाद तिकडे कुणी विचारलाच नव्हता.

भाचीच्या कॉलेजची इमारत छान आहे. लॅबमध्ये रबरी माणूस आहे, त्याच्या छातीवर दाबलं की दिवा लागतो. स्वतःचं हॉस्पिटल नावापुरतं. मग बसमध्ये बसून करार केलेल्या मोठ्या खाजगी हॉस्पिटलात जायचं, आणि तिथे एसी वॉर्डातला पेशंट म्हणतो, "स्टुडंट नको, सिनियरला पाठवा." त्याचं चुकतं असंही नाही, त्याने बिल भरलेलं असतं. मुली भिंतीला लागून उभ्या राहतात आणि केस स्टडी लिहितात. पालिकेच्या हॉस्पिटलात पोस्टिंग लागलं की हातात काम येतं, पण तिथल्या स्टाफला मान वर करायला वेळ नाही. भाचीला श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला शिकवलंय, कारण पेशंट खालावायला लागला की बीपीच्या आधी बऱ्याचदा श्वास बदलतो. ती पहिल्या पेशंटजवळ घड्याळ धरून उभी राहिली तेव्हा स्टाफ सिस्टर प्रेमाने म्हणाली, "अगं असं करत बसलीस तर दुपार होईल. वीस लिही." चार्टवर सगळ्या वॉर्डाचा श्वास वीस. मुंबईतल्या कुठल्याही वॉर्डात चार्ट उघडून बघा, दम्याचा पेशंट असो की हर्नियाचा, बहुतेक वीसच सापडेल.

मावशीच्या वेळचे ट्यूटर सिस्टरचे ते तळवे आता वॉर्डात नाहीत. शिकवणाऱ्या कॉलेजात आहेत, एम.एस्सी. झालेल्या, हुशार; काम करणाऱ्या वॉर्डात आहेत, दमलेल्या; आणि मुली मधल्या बसमध्ये. माझ्या मते सगळं बिनसलं आहे ते इथे. कोर्स तीन वर्षांचा की चार, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता डिग्रीच्या बाजूने जी गोष्ट मला सगळ्यात पटते ती. मावशीनेच सांगितलेली, तिला ती डिग्रीच्या बाजूची आहे हे कळलं नाही. नवीन बॅचचे रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, नुकते आले होते. रात्री एका पेशंटचं पोटॅशियम फार कमी आलं. त्या पोराने, छत्तीस तास न झोपलेल्या, सांगितलं की पोटॅशियम क्लोराइडची एक अँप्युल द्या, आत्ता, सरळ शिरेतून. तसं दिलं तर हृदय थांबतं. मावशीला ते पक्कं माहीत होतं. तिने अँप्युल हातात घेतली, फोडली नाही, आणि विचारलं, "डॉक्टर, हे बाटलीत घालून हळू सोडायचं ना?" पोराने तिच्याकडे बघितलं, भानावर आला आणि म्हणाला, "हो, हो, तसंच." सकाळी राउंडला हे कुणाला कळलं नाही. तो आता कुठेतरी मोठा डॉक्टर असेल.

"पण आजी, तू विचारलंस का?" भाची म्हणाली. "तुला माहीत होतं. सरळ सांगायचं, असं देता येत नाही."

"असं सांगतात होय डॉक्टरला?"

"मग त्याला कळलंच नसतं तर?"

मावशी म्हणाली, कळेपर्यंत विचारत राहिले असते. मी तेव्हा गप्प बसले, पण मला भाचीचं पटलं. मावशीकडे ज्ञान होतं, ते वापरायला तिला प्रश्नाचा पदर घ्यावा लागला. रेसिडेंट नवा होता, ती वीस वर्षं जुनी होती, तरी. एखादा आढ्यतेखोर निघाला असता आणि 'सांगितलं तेवढं करा' म्हणाला असता तर? पदवीने हे आपोआप बदलतं असं नाही, पण चार वर्षं कॉलेजात बसून, पेपर लिहून, औषधशास्त्र स्वतःच्या नावावर पास झालेली मुलगी 'नाही' म्हणायला थोडी कमी घाबरते. पेशंटच्या दृष्टीने तेवढंही खूप झालं.

मग हे सगळ्यांना मिळू दे, असं म्हणावंसं वाटतं, आणि तिथे पैसा आडवा येतो. मावशीला शिकताना हॉस्पिटलने पैसे दिले. भाचीच्या शिक्षणासाठी तिच्या बापाने कर्ज काढलंय. कणकवलीच्या, बीडच्या, गडचिरोलीच्या मुली नर्सिंगमध्ये आल्या त्या स्टायपेंडच्या दाराने: दोन वर्षांचं एएनएम, म्हणजे सहायक नर्सचा कोर्स, मग जमलं तर जीएनएम, मग नोकरी करता करता दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी. मध्यंतरी जीएनएम बंदच करायचं घाटत होतं, ते लांबणीवर पडलं. संसदेने २०२३ मध्ये १९४७ चा कौन्सिलचा कायदा बदलून नर्सिंग आणि मिडवायफरी कमिशनचा नवा कायदा केला, तेव्हा आज ना उद्या तो विषय परत येईल. दर्जा वाढवा, जरूर. पण ही शिडी काढून घेतलीत तर वर कोण चढेल, ज्यांचे वडील फी भरू शकतात त्याच ना? आणि एवढी फी भरून बाहेर पडल्यावर पगार काय? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने सांगितलं की लहानात लहान खाजगी हॉस्पिटलातही नर्सला महिना २०,००० रुपयांच्या खाली देऊ नये. म्हणजे त्याखाली देत होते म्हणूनच सांगावं लागलं.

म्हणूनच भाचीच्या वर्गातल्या मुली संध्याकाळी दादरला जर्मनच्या क्लासला जातात. बी-टू लेव्हल झाली की जर्मनी. गंमत अशी की जर्मनीत स्थानिक नर्सेस बहुतेक कॉलेजात शिकत नाहीत. तीन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण, २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामावर, आणि शिकतानाच दरमहा पगार. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग हे आमचंच झालं की." फरक आहे, तिथे रात्रीचा अख्खा वॉर्ड दुसऱ्या वर्षाच्या पोरीवर टाकत नाहीत. पण फार चुकली असंही नाही ती.

मला विचाराल तर भाचीची पदवी राहावी आणि मावशीचा स्टायपेंड परत यावा. एम.एस्सी. झालेल्या मॅडमनी आठवड्यातले तीन दिवस वॉर्डात ड्यूटी करावी, पेशंटच्या अंगाला हात लावून, आणि शिकवण्याचा भत्ता वॉर्डातल्या जुन्या सिस्टरलाही मिळावा. यात काही अशक्य नाही, मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक हेच करतात, ते शिकवतातही आणि ऑपरेशनही करतात. त्यांना कुणी विचारत नाही की डॉक्टरला डिग्री हवी की हात.

भाचीची शेवटच्या सत्राची इंटर्नशिप आता पालिकेच्या हॉस्पिटलात आहे, मेडिसिनच्या वॉर्डात. परवा मावशीचा फोन आला, स्पीकरवर ठेवला होता. तिने भाचीला सांगितलं की पहिल्या दिवशी मॅडम-बिडम राहू दे, वॉर्डातली सगळ्यात जुनी आयाबाई कोण आहे ते बघ आणि तिच्याशी गोड राहा. कुठला पेशंट रात्री पलंगावरून उतरतो, कुणाचा नवरा भेटून गेला की तिचं बीपी चढतं, ऑक्सिजनचा कुठला पॉइंट गळतो, सगळं तिला माहीत असतं.

"जुनी आयाबाई कुठली आजी," भाची म्हणाली. "कंत्राटी असतात आता. दर काही महिन्यांनी एजन्सी बदलते, बायका बदलतात."

"आणि स्टाफ?"

"त्यातल्याही निम्म्या कंत्राटी."

"मग वॉर्डाचं कोण सांगतं गो तुमका?"

"चार्ट असतो ना," भाची म्हणाली, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन स्वतःच हसली. "श्वास वीस."